मुठीतली वीज

तलवारीचे आकर्षण माणसाला फार पुरातन काळापासून आहे. आणि ज्याला खरी तलवार हाती धरता येत नाही, किंवा धरावयाची नाही, त्याने खोटी तलवार घडविण्याची हौसही काही कमी जुनी नाही. नाटकमंडळ्यांच्या सामानाच्या पेटाऱ्यात लाकडाला बेगड चिकटवून केलेल्या तलवारी असत. रंगभूमीवरच्या दिव्यांच्या उजेडात त्या तळपत आणि प्रेक्षकाला तेवढे पुरे होई. त्या तलवारीला स्वतःचा उजेड नव्हता. तो बाहेरून तिच्यावर पडे. तिला स्वतःचा नादही नव्हता. तो पडद्यामागून तरी येई, नाही तर नटाच्या कंठातून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र एका चित्रपटाने जगापुढे अशी एक तलवार आणली, की जिचे पातेच प्रकाशाचे होते आणि जी हलविताच गुणगुणत असे. आज अनेक हौशी माणसे तशी तलवार आपल्या टेबलावर स्वतःच्या हाताने तयार करतात. तिच्या मुठीत कोणकोणत्या वस्तू असतात, त्या एकमेकींना कशा जोडतात आणि जोडताना कोठे चुकले असता हौसेचा अपघात होतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

हा चित्रपट म्हणजे जॉर्ज ल्यूकस यांचा १९७७ साली प्रदर्शित झालेला ‘स्टार वॉर्स’. त्याच्या चित्रीकरणाचा मोठा भाग १९७६ साली लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत पार पडला. नायकाच्या तलवारीला मूठ कशाची करावी, हा प्रश्न सजावटकार रॉजर ख्रिश्चन यांनी मोठ्या कल्पकतेने सोडविला. लंडनमधल्या छायाचित्रणाच्या सामानाच्या एका दुकानात त्यांना ग्राफ्लेक्स या अमेरिकन कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे जुने चकचकीत दांडे मिळाले. त्यावर काळ्या पट्ट्या चिकटविल्या आणि मूठ तयार झाली. या दांड्याचे मूळ काम बॅटरीचे घट पोटात बाळगून फ्लॅशच्या दिव्याला वीज पुरविणे हे होते. म्हणजे या काल्पनिक शस्त्राची मूठ ही जन्मतःच एक प्रकारची विजेरी होती. पात्यासाठी प्रथम एक युक्ती योजण्यात आली. ज्या दिशेने प्रकाश यावा त्याच दिशेला तो परत पाठविणारे आवरण काठीवर चढवून ती मोटरने गरगर फिरवीत ठेवायची आणि कॅमेऱ्याच्याच बाजूने तिच्यावर प्रकाश टाकायचा. परंतु एवढ्याने मनाजोगते तेज मिळेना. अखेरीस चित्रपट्टीच्या एकेका चौकटीवर पात्याचा प्रकाश रेखाटून भरावा लागला.

आवाजाची कथा याहूनही मनोरंजक आहे. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी चित्रपट दाखविण्याच्या जुन्या यंत्राच्या मोटरची संथ गुणगुण ध्वनिमुद्रित केली. पुढे एके दिवशी तार तुटलेला एक मायक्रोफोन घेऊन ते दूरचित्रवाणी संचाच्या मागून जात असता त्यात एक कर्कश घरघर शिरली. तीही त्यांनी या गुणगुणीत मिसळली. परंतु हा आवाज स्थिर होता, आणि तलवार तर फिरणारी. म्हणून तो आवाज ध्वनिक्षेपकावर लावून त्यांनी दुसरा मायक्रोफोन त्याच्यापुढून तलवारीसारखा फिरविला. जवळ येणाऱ्या रेल्वेगाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते, त्याच नियमाने त्या गुणगुणीला चढउतार मिळाला.

पडद्यावर जे रेखाटून आणि मागाहून मिसळून साधले, ते घरी तलवार घडविणाऱ्याला प्रत्यक्ष हातात घडवून आणावे लागते. त्याच्या मदतीला चौकटी रंगविणारा कलावंत नसतो. पाते खरोखरच पेटले पाहिजे आणि हात हलताच त्याच क्षणी आवाज उमटला पाहिजे. या दोन्ही गोष्टी मुठीत धरता येणाऱ्या नळीत बसू लागल्या, याचे श्रेय तीन शोधांना आहे: प्रकाश-उत्सर्जक डायोड, म्हणजे एलईडी, हालचाल ओळखणारी सूक्ष्म चिप, आणि लिथियम-आयन घट.

एलईडीचा इतिहास शतकाहून जुना आहे. एका स्फटिकातून वीज गेली असता तो मंद प्रकाशतो, हे एच. जे. राउंड यांनी १९०७ साली नोंदविले होते. निक होलोन्याक यांनी १९६२ साली डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा डायोड तयार केला. निळ्या रंगाने मात्र शास्त्रज्ञांना दीर्घकाळ झुंजविले. तेजस्वी निळा डायोड १९९० च्या दशकात सिद्ध झाला आणि त्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही मिळाल्यावर त्यांच्या मिश्रणातून हवा तो रंग काढता येऊ लागला.

साध्या दिव्यात तार तापून प्रकाशते. एलईडीत तसे काही तापवावे लागत नाही. तिच्यात दोन वेगळ्या गुणधर्मांच्या अर्धसंवाहकांची एक सीमा असते. वीज योग्य दिशेने वाहू लागली, की इलेक्ट्रॉन ही सीमा ओलांडून खालच्या ऊर्जापातळीवर उतरतात आणि उतरताना सोडलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. ही पातळी किती खोल आहे, यावर प्रकाशाचा रंग ठरतो आणि किती विद्युत् दाब लागेल हेही ठरते. लाल एलईडीला सुमारे २.२ व्होल्ट पुरतात. निळीला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. वीज उलट दिशेने जोडल्यास ती मुळीच पेटत नाही.

येथेच नवख्या कारागिराची पहिली फसगत होते. ‘एलईडी दोन-तीन व्होल्टची, घट चार व्होल्टचा, म्हणजे थोडी जास्त उजळेल इतकेच’ असे त्याला वाटते. परंतु एलईडीचा स्वभाव नळाच्या तोटीसारखा नसून धरणाच्या सांडव्यासारखा आहे. पाणी काठाच्या खाली आहे तोवर थेंबही पडत नाही. काठ ओलांडताच लोंढा सुटतो. दाब किंचित वाढला तरी प्रवाह अनेक पटींनी वाढतो. त्याने एलईडी तापते, तापल्यामुळे ती आणखी प्रवाह ओढते, आणि क्षणभर डोळे दिपविणारा उजेड देऊन कायमची विझते. म्हणून तिच्या वाटेवर एक रोधक बसवावा लागतो. रोधक दिसावयास अगदी क्षुद्र, दोन पायांचा मणी; पण पात्याचे आयुष्य त्याच्या हाती असते.

त्याचे माप काढणे कठीण नाही. पूर्ण भरलेल्या लिथियम घटाचा दाब ४.२ व्होल्ट. लाल एलईडी २.२ व्होल्ट घेते. उरले २ व्होल्ट. प्रवाह सुमारे ०.७ अँपिअर ठेवावयाचा असेल, तर २ ला ०.७ ने भागावे, उत्तर २.८६ येते. म्हणून ३ ओहमचा रोधक योग्य. त्यातून ०.६७ अँपिअर वाहतील आणि रोधकात सुमारे १.३ वॉट उष्णता निर्माण होईल. बाजारात सर्रास मिळणारा पाव वॉटचा रोधक येथे जळून काळा पडेल. निदान २ वॉटचा घ्यावयास हवा. निळीसाठी उरतो अवघा १ व्होल्ट, तेथे १.५ ओहमचा रोधक पुरतो. याचाच दुसरा परिणाम असा, की घट उतरून ३.६ व्होल्टवर आला म्हणजे लालीचा प्रवाह ढोबळमानाने तृतीयांशाने कमी होतो, पण निळीचा अर्ध्याहूनही खाली येतो. तिन्ही रंग मिसळून केलेली पांढरी तलवार खेळाच्या अखेरीस तांबूस दिसू लागते, ती काही बिघडलेली नसते. तिचा घट भरावयास झाला आहे, एवढेच ती सांगत असते.

एलईडी तापवून पेटवावी लागत नाही, याचा अर्थ ती तापत नाही असा नव्हे. तिला दिलेल्या विजेचा बराच भाग उष्णता होऊन तिच्या बुडाशी साठतो. म्हणून ती ॲल्युमिनियमच्या जाड चकतीवर बसवितात, मध्ये उष्णता वाहून नेणारा लेप लावतात आणि ती चकती मुठीच्या आतल्या अंगाला घट्ट टेकवितात. मग सबंध मूठच उष्णता पसरविण्याचे काम करते. प्लास्टिकच्या नळीची मूठ केल्यास ही सोय राहत नाही. तेथे प्रवाह अर्ध्यावर आणणेच शहाणपणाचे. पात्यासाठी काच नव्हे, तर न तडकणाऱ्या पॉलिकार्बोनेटची इंचभर जाडीची नळी वापरतात. एलईडीवर भिंग बसवून प्रकाशाचा झोत नळीत सोडतात. आत पातळ सेलोफेनची सुरळी घालतात, म्हणजे प्रकाश वाटेत विखुरतो. आणि टोकाशी आरशासारखी चकती लावतात, म्हणजे पोहोचलेला प्रकाश परत फिरतो. असे केल्याने पाते बुडाशी लख्ख आणि टोकाशी निस्तेज न दिसता बऱ्याच अंशी सारखे उजळते.

आता ध्वनीकडे वळावे. मुठीत बसणारी चिंचोळी इलेक्ट्रॉनिक पट्टी ‘साउंड बोर्ड’ या नावाने विकत मिळते. तिला ध्वनिफलक म्हणता येईल. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचा लाजपतराय बाजार, बंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट; मराठी माणूस या देशात कोठेही राहत असो, रोधक, तारा, खटके आणि ध्वनिक्षेपक मिळण्याचे एखादे ठिकाण त्याच्या आवाक्यात असतेच. तयार ध्वनिफलक मात्र बहुधा टपालाने मागवावा लागतो.

या फलकावर चार कारभारी असतात. पहिला सूक्ष्म संगणक. तो हुकूम सोडतो. दुसरी स्मृती, म्हणजे नखाएवढे कार्ड. त्यावर तलवार पेटण्याचा, गुणगुणण्याचा, फिरण्याचा, आपटण्याचा आणि विझण्याचा असे निरनिराळे ध्वनी साठविलेले असतात. हे ध्वनी म्हणजे केवळ आकड्यांच्या रांगा होत. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० आकडे वाचले जातात आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी दाखवितो. तिसरा विवर्धक, तो त्या आकड्यांपासून झालेला दुबळा विद्युत्-संदेश ध्वनिक्षेपक हलविण्याइतका बळकट करतो. चौथी चिप हालचाल ओळखणारी.

या चौथ्या चिपची करामत खरोखर थक्क करणारी आहे. तिच्या पोटात सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान लोलक असतो. हाताला झटका बसला, की बस एकदम सुटल्यावर उभा उतारू मागे झुकावा तसा हा लोलक मागे राहतो. त्याच्या आणि शेजारच्या पत्र्यांमधले अंतर बदलते, त्यामुळे तेथे साठणारा विद्युत्-भार बदलतो आणि तो फरक चिप मोजते. हा झाला प्रवेगमापक. तो आघात ओळखतो. जायरोस्कोपात असाच एक लोलक सतत थरथरत असतो. मूठ फिरली, की त्याची थरथर वाट सोडून बाजूला झुकते आणि त्यावरून फिरण्याचा वेग कळतो. संगणक हे दोन्ही आकडे एकसारखे वाचीत राहतो. अचानक मोठा झटका दिसला, तर तो आघाताचा ध्वनी वाजवितो. नुसते फिरणे दिसले, तर संथ गुणगुण कमी करून फिरतीचा ध्वनी त्या वेगाच्या प्रमाणात वर आणतो. बेन बर्ट यांनी मायक्रोफोन हाताने फिरवून जो चढउतार मिळविला होता, तोच येथे प्रत्येक खेळाडूच्या मनगटाबरोबर नव्याने जन्मास येतो. म्हणूनच हा फलक मुठीत सैल ठेवून भागत नाही. तो डुगडुगत असेल, तर हाताची हालचाल आणि फलकाची हालचाल यांत फरक पडतो, आणि तलवार भलत्या वेळी किंचाळते.

फलकाला जोडावयाच्या तारा मोजक्याच आहेत. घटाचे धन टोक आणि ऋण टोक यांना दोन तारा, ध्वनिक्षेपकाला दोन, बटणाला दोन, आणि पात्याच्या एलईडीला रंगाप्रमाणे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. संगणकाच्या चिपचा एकेक पाय फार तर वीस-पंचवीस मिलिअँपिअर देऊ शकतो, तर पात्याला त्याच्या तीस-चाळीस पट प्रवाह लागतो. म्हणून चिप स्वतः पाते पेटवीत नाही. ती मॉसफेट नावाच्या विद्युत् दरवाजाला हुकूम करते आणि तो दरवाजा मोठा प्रवाह सोडतो किंवा अडवितो. हा दरवाजा बहुतेक फलकांत ऋण बाजूला असतो. म्हणजे घटाचे धन टोक रोधकातून थेट एलईडीच्या धन पायाशी जाते, आणि तिचा ऋण पाय फलकावरच्या नेमलेल्या जागी येतो. घरातल्या दिव्याच्या सवयीने ऋण पाय थेट घटाला जोडला, तर पाते कायमचे पेटलेले राहते आणि बटणाला ते जुमानीत नाही. हा दरवाजा सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून तेज कमी-अधिकही करतो. डोळ्याला ती उघडझाप दिसत नाही. त्याला केवळ पात्याची सजीव थरथर जाणवते.

ध्वनिक्षेपक बहुधा २८ मिलिमीटर व्यासाचा, ४ किंवा ८ ओहमचा असतो आणि तो मुठीच्या बुडाशी, बाहेर तोंड करून बसवितात. त्याचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लहरी एकत्र आल्या, की एकमेकींना मारक ठरतात आणि आवाज पोकळ, पत्र्यासारखा येतो. म्हणून त्याच्या मागे एक लहानशी बंद कोठी करून पुढच्या आणि मागच्या हवेत आडपडदा घालावा लागतो. महागडा ध्वनिफलक घेऊन ही कोठी विसरणारे पुष्कळ. आणि मग ते दोष देतात फलकाला.

याहून पुढची पायरी म्हणजे पात्यातच एलईडींची पट्टी बसविणे. या पट्टीवर मीटरमागे १४४ एलईडी असू शकतात. प्रत्येकीत तीन रंग आणि स्वतःची चिमुकली चिप असते. त्यांना जोडणाऱ्या तारा तीनच: धन, ऋण आणि संदेशाची. संदेश पंगतीतल्या वाढपासारखा पुढे सरकतो. पहिली एलईडी आपल्या वाट्याचे आकडे काढून घेते आणि उरलेले पुढच्या एलईडीकडे सरकविते. १४४ जणींचे वाढप साडेचार मिलिसेकंदांच्या आत उरकते. त्यामुळे पाते बुडापासून टोकापर्यंत सरसरत वाढताना दिसते. पडद्यावर रेखाटलेला देखावा येथे प्रत्यक्ष घडतो. परंतु त्याची किंमत विजेत मोजावी लागते. प्रत्येक एलईडी एका रंगात २० मिलिअँपिअर आणि तिन्ही रंगांत ६० मिलिअँपिअरपर्यंत घेते. पाते दोन्ही अंगांनी दिसावे म्हणून दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बसवितात. तेव्हा एका रंगाला पावणेसहा अँपिअर आणि पूर्ण पांढऱ्याला हिशेबाने सतरा अँपिअर होतात. बटणाची केसासारखी तार या वाटेवर घातली, तर ती तापून तिचे वेष्टन वितळेल. म्हणून या वाटेवरील तारा जाड आणि आखूड असाव्यात, आणि संदेशाच्या तारेत तीन-चारशे ओहमचा लहान रोधक घालावा.

एवढा प्रवाह देणारा घट हा या सर्व रचनेतला सर्वांत गुणी आणि सर्वांत तापट घटक होय. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा हा लिथियम-आयन घट मुठीत नेमका बसतो. लिथियम-आयन घट बाजारात प्रथम १९९१ साली आला, आणि त्याच्या मूळ संशोधनासाठी २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले. या आकाराच्या चांगल्या घटाची क्षमता साधारणपणे २५०० ते ३५०० मिलिअँपिअर-तास असते. वेष्टनावर नऊ-दहा हजारांचा आकडा छापलेला दिसला, तर तो निखालस खोटा समजावा. आणि जो आकड्यात खोटे बोलतो, तो सुरक्षिततेत खरे बोलेल असे मानण्याचे कारण नाही. घट किती प्रवाह सतत देऊ शकतो, हा आकडा क्षमतेइतकाच महत्त्वाचा आहे. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या घटावर एकाच एलईडीची तलवार चार-साडेचार तास चालेल. दोन पट्ट्यांची मात्र अर्ध्या तासात थकेल.

या घटाचा अंतर्गत रोध इतका अल्प असतो, की त्याची दोन टोके धातूने जोडली गेली तर पन्नासांहून अधिक अँपिअर प्रवाह उसळू शकतो. आणि मूठ तर धातूचीच असते. सोललेली एक तार, वेष्टनाला पडलेली एक चीर, सोल्डरचा निसटलेला एक थेंब, यांपैकी काहीही त्या दोन टोकांची गाठ घालू शकते. मग घट तापतो. आतली रसायने पेट घेतात. आणि बंद धातूच्या नळीत कोंडलेल्या वायूला वाट मिळाली नाही, तर ती नळी स्फोटकासारखी फुटते. ही नळी त्या क्षणी बहुधा एखाद्या मुलाच्या मुठीत असेल, हे घडविणाऱ्याने क्षणभरही विसरता कामा नये. म्हणून काही नियम येथे अपवादाविना पाळावयाचे असतात. घट संरक्षक मंडल असलेला घ्यावा. हे मंडल प्रवाह बेसुमार झाला, किंवा दाब फार खाली उतरला, तर वाट बंद करते. घटाच्या अगदी जवळ फ्यूज असावा. जुन्या संगणकातून काढलेला, अज्ञात वयाचा घट वापरू नये. ४.२ व्होल्टवर आपोआप थांबणाऱ्या चार्जरनेच तो भरावा, आणि भरीत असता अंथरुणावर किंवा नजरेआड ठेवू नये. मुठीच्या बुडाला वायू बाहेर पडण्यापुरती भोके असावीत. ध्वनिक्षेपकासाठी ठेवलेली भोके आडपडद्यापाशीच संपतात, म्हणून घटाच्या बाजूला निराळी वाट ठेवणे बरे.

याखेरीज एक मुख्य खटका हवाच. बटण दाबून तलवार विझली, म्हणजे वीज थांबली असे नव्हे. फलक जागाच असतो आणि घट हळूहळू उतरत राहतो. महिनाभर कोनाड्यात पडलेली तलवार त्याच्या मर्यादेखाली जाऊन घट निकामी करते. यावर कारागिरांनी एक सुबक तोड काढली आहे. घट भरण्यासाठी मुठीला जे छिद्र ठेवतात, त्याच्या आतली पट्टी अशा रीतीने जोडतात, की छिद्रात काहीही खुपसले तर घट आणि फलक यांचा संबंध तुटावा. तलवार ठेवताना तेथे प्लास्टिकची एक खुंटी बसविली, की काम झाले. ही खुंटी म्हणजे या तलवारीचे म्यान होय.

प्रत्यक्ष जोडणीत घाईला थारा नाही. सर्व वस्तू प्रथम टेबलावर पसरून, घट शेवटी जोडून, सारी रचना चालते की नाही ते पाहावे. मुठीत शिरल्यावर दोष शोधणे म्हणजे शिवलेल्या उशीत सुई शोधणे होय. दोन तारा जोडण्यापूर्वी आकसणारी नळी एका तारेवर आधी ओवून ठेवावी. अनुभवी माणसेही हे विसरतात आणि सुंदर जमलेला सांधा पुन्हा तोडतात. सोल्डर तारेवर थापावयाचा नसतो. तार आणि जागा दोन्ही तापवून त्यांच्या उष्णतेने तो वितळू द्यावा. सांधा चकचकीत आणि पसरट झाला तर पक्का. गोळा होऊन राहिला तर कच्चा. कच्चा सांधा टेबलावर चालतो आणि पहिल्याच वाराला सुटतो. शिशाचा सोल्डर वापरला असल्यास हात धुतल्याशिवाय खाण्याला स्पर्श करू नये, आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी. त्यानंतर मल्टिमीटरने धन-ऋण पडताळावे, आणि घटाचे एकही टोक मुठीच्या धातूशी जोडले गेलेले नाही याची खात्री करावी. फलकाच्या पाठीमागे विद्युत्-रोधक कागद लावून तो घटासह एका सांगाड्यावर आवळावा, आणि मग तो सांगाडा मुठीत सरकवावा.

शाळेच्या स्नेहसंमेलनात दिवे मालवतात, अंधारात एक मुलगा बटण दाबतो, आणि निळे पाते उजळून उठते. समोर बसलेल्यांना दिसतो तो उजेड आणि ऐकू येतो तो नाद. त्या मुठीत कोठे तरी दीड ओहमचा एक मणी प्रवाहाला आवर घालीत आहे, एक फ्यूज न वितळता पहारा करीत आहे आणि कोणी तरी प्रत्येक सांध्यावर आठवणीने नळी चढविली आहे, हे त्यांच्या गावीही नसते. आणि नसावे हेच उत्तम. बेगडाची तलवार निखळली तर फार तर हसे होई. विजेची तलवार मात्र घडविणाऱ्याकडून सावधपणा मागते. कारण तिचा उजेड नाटकातला असला, तरी तिच्या मुठीतली वीज खरी असते.